एमपीएलएस व्हीपीएनवर साइट-टू-साइट रूटिंग: सेशन अप आहे, मग रूट कुठे अडतात?

प्रश्न थोडक्यात असा. कंपनीच्या चार जागा आहेत: भोसरीला एचओ आणि ईआरपीचे सर्व्हर, नाशिकला अंबड, कोल्हापूरला शिरोली आणि गोव्यात वेर्णा इथे कारखाने. प्रोव्हायडरकडून लेयर ३ एमपीएलएस व्हीपीएन (त्याच्या नेटवर्कमधून साइट जोडणारी खासगी सेवा) घेतलाय. चारही ठिकाणी सिस्कोचे राउटर, प्रोव्हायडरशी बीजीपी (दोन नेटवर्कनी एकमेकांना रूट सांगायचा प्रोटोकॉल), आणि सगळीकडे एकच एएस नंबर (बीजीपीतली नेटवर्कची ओळख), ६५०१०. बीजीपी सेशन चारही ठिकाणी अप आहे, पण एका साइटवर दुसऱ्या साइटचा एकही रूट येत नाही. एनओसीचं, म्हणजे प्रोव्हायडरच्या नेटवर्क कंट्रोल रूमचं म्हणणं, ‘आमच्याकडून सगळे रूट जातायत.’ एका व्हेंडरने भोसरी आणि अंबडला काहीतरी करून रूट आणले, तर तिथे नवाच त्रास सुरू झाला: एमपीएलएस पडला की ट्रॅफिक ब्रॉडबँडवरच्या आयपीसेक टनेलवर (एन्क्रिप्टेड बॅकअप वाट) जातो, पण लिंक परत आली तरी तिथेच बसून राहतो. टनेलवर ओएसपीएफ (एका कंपनीच्या आतलं रूटिंग करणारा प्रोटोकॉल) आहे. शेवटचा प्रश्न, एवढी कटकट असेल तर प्रोव्हायडरशीही ओएसपीएफच चालवावा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नको. का ते खाली येईलच.

आधी एक गोष्ट मनात पक्की करायला हवी. लीज्ड लाइनच्या काळात प्रोव्हायडर फक्त तार द्यायचा. तिच्या दोन्ही टोकांना तुमचेच राउटर एकमेकांशी बोलायचे. लेयर ३ व्हीपीएनमध्ये तसं नाही. अंबडचा राउटर भोसरीच्या राउटरशी बोलतच नाही. तो बोलतो प्रोव्हायडरच्या नाशिकमधल्या पीई, म्हणजे त्यांच्या कडेच्या, राउटरशी. तो पीई तुमचे रूट तुमच्यापुरत्या वेगळ्या टेबलात, म्हणजे व्हीआरएफमध्ये ठेवतो, त्यांना आठ बाइटचा रूट डिस्टिंग्विशर (तुमचे रूट इतर ग्राहकांच्या रूटपासून वेगळे ठेवणारी खूण) चिकटवतो आणि प्रोव्हायडरच्या आतल्या बीजीपीने पुण्याच्या पीईकडे पाठवतो. तिथून ते भोसरीला मिळतात. ही रचना १९९९च्या आरएफसी २५४७ने मांडली आणि २००६च्या आरएफसी ४३६४ने पक्की केली. आज भारतातला लेयर ३ व्हीपीएन विकणारा जवळजवळ प्रत्येक प्रोव्हायडर याच घाटाचा असतो. थोडक्यात, तुमच्या नेटवर्कच्या मधोमध तुमच्या ताब्यात नसलेला एक राउटर बसलाय आणि तुमचं रूटिंग टेबल तोच वाहून नेतो. म्हणून जवळजवळ सगळे घोळ एकाच ठिकाणी होतात: तुमच्या सीईच्या (तुमच्या कडेचा राउटर) आणि त्यांच्या पीईच्या मधल्या त्या /३०च्या (दोन टोकांच्या दोनच पत्त्यांच्या) लिंकवर, कोण कोणाला काय सांगतंय यात.

आता पहिला घोळ. बीजीपीचा साधा नियम आहे: आलेल्या रूटच्या एएस-पाथमध्ये (रूट ज्या एएसमधून आला त्यांची यादी) स्वतःचाच नंबर दिसला तर तो लूप समजायचा आणि रूट टाकून द्यायचा. प्रोव्हायडरचा एएस ६४५०० धरू. भोसरीचा १०.१०.०.०/१६ अंबडला पोचतो तेव्हा त्याचा पाथ असतो ‘६४५०० ६५०१०’. अंबडचा राउटर शेवटचा ६५०१० बघतो, ‘हा तर मीच’ म्हणतो आणि रूट फेकतो. एनओसी खोटं बोलत नाहीये. ते पाठवतायत, तुम्ही घेत नाही आहात. डोळ्यांनी बघायचं असेल तर काही मिनिटं बीजीपी अपडेटचं डीबग लावा. ‘डिनाइड ड्यू टू: एएस-पाथ कंटेन्स अवर ओन एएस’ ही ओळ धडाधड दिसेल.

यावर तीन उपाय आहेत. तुमच्या व्हेंडरने बहुधा सीईवर ‘अलाऊएएस-इन’ लावलंय, म्हणजे ‘पाथमध्ये माझा नंबर दिसला तरी चालेल’. चालतं, पण तुम्ही लूपची तपासणीच सैल केलीत. शिवाय ते दर वेळी चालेलच असं नाही. काही पीई राउटर, ज्युनिपरचे त्यात आले, ज्या एएसकडून रूट आला त्याच एएसच्या दुसऱ्या नेबरला तो मुळात पाठवतच नाहीत. तिथे तुम्ही सीईवर कितीही अलाऊएएस-इन लावा, येणारच काही नाही तर घेणार काय?

दुसरा उपाय प्रोव्हायडरच्या बाजूला: पीईवर ‘एएस-ओव्हरराइड’. मग पीई पाथमधला तुमचा नंबर पुसून तिथे स्वतःचा लिहितो. अंबडला पाथ दिसतो ‘६४५०० ६४५००’ आणि रूट बिनतक्रार आत येतो. शंभर-दोनशे ब्रँच असतील, सगळ्यांना एकच टेम्प्लेट हवं असेल तर हा मार्ग ठीक. अट एकच: एखादी साइट दोन पीईंना जोडलेली असेल तर तिचेच रूट दुसऱ्या दाराने तिच्याकडे परत येऊ शकतात, कारण लूप ओळखण्याची खूणच पुसलेली असते. त्यासाठी ‘साइट ऑफ ओरिजिन’ नावाची कम्युनिटी (रूटला लावायची खूण) पीईवर लावून घ्यावी लागते. हे तुम्ही मागितल्याशिवाय कुणी आपणहून करत नाही.

तिसरा उपाय, आणि चार साइटना माझं मत यालाच: प्रत्येक साइटला वेगळा खासगी एएस द्या. भोसरी ६५०१०, अंबड ६५०२०, शिरोली ६५०३०, वेर्णा ६५०४०. ६४५१२ ते ६५५३४ हे नंबर खासगी वापरासाठीच ठेवलेले आहेत, म्हणजे हजारावर साइटना पुरतात; त्याहून जास्त लागले तर चार बाइटचेही आहेत. फायदा असा की लूपची तपासणी शाबूत राहते, आणि कुठला प्रिफिक्स (पत्त्यांचा गट, जसं १०.१०.०.०/१६) कुठून आला हे पाथ बघूनच कळतं. रात्री दोनला फोन आला की हे फार उपयोगी पडतं. प्रोव्हायडरला चारही पीईवर नेबरचा एएस बदलावा लागेल, तेव्हा एकच चेंज विंडो घेऊन चारही साइट एका दमात करा. निम्म्या आज आणि निम्म्या पुढच्या आठवड्यात असं ठेवू नका.

दुसरा घोळ जास्त महत्त्वाचा. यावरचा माझा नियम एका वाक्यात सांगता येतो: प्रत्येक साइटने प्रोव्हायडरला फक्त स्वतःचे रूट सांगायचे, दुसऱ्या कुणाचे नाही. तुमच्या अंबडच्या राउटरवर हा नियम मोडलाय, त्यामुळेच ट्रॅफिक परत येत नाही. कसं ते पायरीपायरीने बघू, कारण हा प्रकार मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय आणि दर वेळी दोष प्रोव्हायडरवरच टाकलेला असतो.

अंबडला दोन डबे आहेत: एमपीएलएसचा सीई राउटर आणि टनेलचा फायरवॉल. दोघांत ओएसपीएफ. सीईवर व्हेंडरने ओएसपीएफ बीजीपीत आणि बीजीपी ओएसपीएफमध्ये, असं दोन्ही बाजूंनी रीडिस्ट्रिब्यूट केलं असणार, म्हणजे एकाचे रूट दुसऱ्यात ओतले असणार. सगळं ठीक असताना सीईला भोसरीचा १०.१०.०.०/१६ दोन वाटांनी दिसतो: ईबीजीपीने (दुसऱ्या एएसशी चालणारा बीजीपी), अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स २०, आणि फायरवॉलकडून ओएसपीएफने, डिस्टन्स ११०. डिस्टन्स कमी तो रूट जास्त भरवशाचा, म्हणून वीस जिंकतो, ट्रॅफिक एमपीएलएसवर. आता लिंक पडली. ईबीजीपीचा रूट गेला, ओएसपीएफचा टेबलात आला. इथपर्यंत उत्तम. पण ओएसपीएफ बीजीपीत रीडिस्ट्रिब्यूट होतोय ना, त्यामुळे भोसरीचाच प्रिफिक्स आता अंबडच्या बीजीपी टेबलात ‘मी इथे जन्मलो’ असं म्हणत बसतो. आणि सिस्कोवर स्वतः जन्माला घातलेल्या रूटला वेट (त्या राउटरपुरता पसंतीचा आकडा, जास्त तो जिंकतो) मिळतं ३२७६८. थोड्या वेळाने लिंक परत येते, भोसरीचा खरा रूट ईबीजीपीने हजर होतो, पण त्याचं वेट शून्य. बीजीपीची निवड सगळ्यात आधी वेट बघते. शून्य हरतं. बीजीपीने आपला उमेदवारच निवडला नाही म्हणजे वीस विरुद्ध एकशे दहा ही लढत होतच नाही, आणि ओएसपीएफचा रूट आरामात टिकून राहतो. कुणीतरी टनेल पाडेपर्यंत किंवा राउटर रीबूट करेपर्यंत.

खात्री करायची तर या अवस्थेत अंबडच्या सीईवर १०.१०.०.०/१६साठी बीजीपी टेबल बघा. दोन ओळी दिसतील. बेस्टची खूण असलेल्या ओळीत वेट ३२७६८ आणि पाथच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. दुसऱ्या ओळीत प्रोव्हायडरचा नेक्स्ट-हॉप (पुढच्या राउटरचा पत्ता) आणि पूर्ण पाथ, पण खूण नाही.

इंटरनेटवर यावरचा तोडगा म्हणून नेबरला वेट ४०००० द्यायला सांगतात. त्याने ट्रॅफिक परत येईल, पण मूळ दुखणं तसंच राहील. कारण आता अंबड प्रोव्हायडरला सांगू शकतं की भोसरीला जायचा रस्ता माझ्याकडूनही आहे. ज्या दिवशी भोसरीची एमपीएलएस लिंक पडेल त्या दिवशी शिरोली आणि वेर्ण्याचा ट्रॅफिक अंबडच्या ब्रॉडबँडवरून वाहील. कुणी तसं मुद्दाम डिझाइन केलं असेल तर गोष्ट वेगळी. नकळत झालं तर अंबडचं ब्रॉडबँड का तुंबलंय हे शोधण्यात अख्खा दिवस जातो.

खरा उपाय साधा आहे. ओएसपीएफ बीजीपीत रीडिस्ट्रिब्यूट करणं बंद करा. अंबडच्या सीईवर अंबडच्या स्वतःच्या १०.२०.०.०/१६साठी नल ०कडे (पॅकेट टाकून देणारा आभासी इंटरफेस) एक स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, रूट टाका आणि बीजीपीत नेटवर्क स्टेटमेंटने तेवढाच प्रिफिक्स जाहीर करा. वर पट्टा म्हणून नेबरला आउटबाउंड प्रिफिक्स-लिस्ट लावा: १०.२०.०.०/१६ आणि गरज असेल तर राउटरचा लूपबॅक (राउटरचा स्वतःचा आभासी इंटरफेस), बाकी काही नाही. चारही साइटवर हेच, फक्त आकडा वेगळा. आणखी एक फायदा पदरात पडतो. बहुतेक प्रोव्हायडर पीईवर ‘मॅक्सिमम-प्रिफिक्स’ची मर्यादा लावतात. कुणी चुकून शेकडो रूट ढकलले तर पीई सेशनच तोडतो आणि कुणी हाताने क्लिअर करेपर्यंत ते तसंच पडून राहू शकतं. प्रिफिक्स-लिस्ट असेल तर ती वेळ येत नाही.

बॅकअपबद्दल आणखी दोन गोष्टी आहेत, त्या सुटल्या तर वरचं सगळं करूनही पाणी मुरतच राहील.

पहिली, प्रिफिक्सची लांबी. राउटर डिस्टन्स, वेट, मेट्रिक वगैरे बघतो ते एकाच प्रिफिक्सच्या दोन वाटांमध्ये. लांबी वेगळी असेल तर जास्त लांब प्रिफिक्स सरळ जिंकतो. एमपीएलएसवरून भोसरीचा /१६ येतोय आणि टनेलच्या ओएसपीएफमधून भोसरीचे वीस-पंचवीस /२४ येतायत, अशी स्थिती असेल तर तुमचा सगळा ट्रॅफिक पहिल्या दिवसापासून ब्रॉडबँडवरच आहे आणि एमपीएलएसचं बिल फुकट चाललंय. म्हणून टनेलवरूनही नेमका तोच /१६ जाऊ द्या.

दुसरी, अंबडला लेयर ३ कोअर स्विच ओएसपीएफमध्ये असेल तर. टनेलवरून येणारा रूट ओएसपीएफच्या दृष्टीने घरचा, म्हणजे इंट्रा-एरिया (एरिया म्हणजे ओएसपीएफ नेटवर्कचा एक भाग). सीईने बीजीपीतून आणून घातलेला रूट एक्स्टर्नल. ओएसपीएफ घरच्याला कायम वरचं स्थान देतो, कॉस्ट कितीही असो. म्हणजे सीई स्वतः एमपीएलएस निवडतोय, पण स्विच त्याच्याकडे पॅकेट देतच नाही. ते थेट फायरवॉलकडे जातं. राउटरवरून ट्रेसराउट घेतला तर सगळं सुरळीत, युजरच्या पीसीवरून घेतला तर वाट वेगळी.

म्हणून मी टनेलवर ओएसपीएफ ठेवतच नाही. टनेलवरही बीजीपीच चालवा, शक्यतो सीईवरच टनेल संपवून. आज बहुतेक ब्रँच राउटर रूट-बेस्ड आयपीसेक करतात. मग सगळी तुलना एकाच प्रोटोकॉलच्या आत होते: एमपीएलएसच्या नेबरकडून येणाऱ्याला लोकल-प्रेफरन्स (बीजीपीतला पसंतीचा आकडा, जास्त तो जिंकतो) २००, टनेलवाल्याला १००. साइटच्या आतल्या ओएसपीएफमध्ये हे सगळे रूट ओतायचीही गरज नसते; सीईने डीफॉल्ट रूट दिला की बहुतेक कारखान्यांचं भागतं. फक्त हे ध्यानात असू द्या की लोकल-प्रेफरन्स जाणाऱ्या ट्रॅफिकचा निर्णय करतो, येणाऱ्याचा नाही. अंबडला लावलं आणि भोसरीला विसरलं की जाताना एमपीएलएस आणि येताना टनेल. मध्ये स्टेटफुल फायरवॉल असेल तर तो अर्धंच संभाषण बघतो आणि कनेक्शन तोडतो. मग तक्रार येते की पिंग होतंय पण ईआरपी उघडत नाही. दोन्ही टोकांना लावा.

आता ओएसपीएफ थेट प्रोव्हायडरशी का नको ते. ते करता येतं, त्यासाठी २००६पासून आरएफसी ४५७७ आहे. त्यात प्रोव्हायडरचा गाभा हा एरिया शून्यच्याही वरचा सुपर-बॅकबोन समजला जातो आणि दुसऱ्या साइटचे रूट तुम्हाला इंटर-एरिया म्हणून दिसतात, तेही पीईवरचा डोमेन आयडी जुळला तर. सिस्कोच्या पीईवर डोमेन आयडी ओएसपीएफ प्रोसेसच्या नंबरवरून ठरतो, त्यामुळे नाशिकच्या पीईवर प्रोसेस एक नंबरची आणि कोल्हापूरच्या पीईवर दुसऱ्या नंबरची असेल तर तेच रूट एक्स्टर्नल होऊन येतात. त्यात तुमचा टनेल त्याच एरियात असेल तर तो इंट्रा-एरिया. परत तीच गोष्ट, टनेल कायम जिंकणार. यावर शॅम-लिंक नावाचा इलाज आहे, पण तो दोन पीईंच्या मध्ये, दोन्हीकडे प्रोव्हायडरने करायचा. एका एनओसीकडून ते बरोबर करून घेणं आणि पुढे पीई बदलला तरी टिकवणं, याला माझ्याकडे धीर नाही. लूप टाळायला पीई जी डीएन बिट लावतो तिचाही एक काटा आहे: तुमच्या सीईवर स्वतःच्या व्हीआरएफ असतील तर तो ती बिट बघून रूट बाजूला टाकतो, आणि त्यासाठी ‘कॅपॅबिलिटी व्हीआरएफ-लाइट’ लावावं लागतं. बीजीपीत यातलं काही नाही.

स्टॅटिक? बॅकअप नसलेल्या, एकच सबनेट असलेल्या डेपोला चालेल. पण आपल्याकडे लास्ट माइल बहुतेक वेळा मीडिया कन्व्हर्टर किंवा रेडिओवरून येतो. पलीकडे रस्ता खणताना फायबर तुटली तरी तुमच्या राउटरचा पोर्ट अपच दिसतो, स्टॅटिक रूट जागचा हलत नाही आणि पॅकेट खड्ड्यात. बीजीपीला निदान कीपअलाइव्ह (‘मी आहे’ असे ठरावीक वेळाने जाणारे निरोप) असतात. सिस्कोची डीफॉल्ट होल्ड टाइम (निरोप न येता किती वेळ वाट बघायची) मात्र १८० सेकंद, म्हणजे तीन मिनिटं शुकशुकाट. दोन बाजूंपैकी जी होल्ड टाइम कमी असते तीच लागू होते, तेव्हा ही गोष्ट प्रोव्हायडरला न विचारताही तुम्ही सुधारू शकता: कीपअलाइव्ह १० आणि होल्ड टाइम ३० सेकंद ठेवा. पीईवर बीएफडी (लिंक पडल्याचं झटकन ओळखणारा प्रोटोकॉल) मिळत असेल आणि लास्ट माइल फायबर असेल तर ३०० मिलिसेकंद गुणिले तीन. रेडिओ लिंकवर बीएफडी इतका घट्ट लावू नका; पावसाळ्यात सेशन दिवसभर फ्लॅप होत, म्हणजे पडत-उठत, राहील.

साइट एकमेकांशी थेट बोलणार की सगळं भोसरीवरून जाणार, हे तुमच्या राउटरवर ठरत नाही. ते प्रोव्हायडरच्या रूट टार्गेटवर ठरतं: कुठली व्हीआरएफ कुठल्या खुणेचे रूट बाहेर देते आणि कुठल्या खुणेचे आत घेते. ऑर्डर फॉर्मवर ‘एनी-टू-एनी’ लिहिलंय का हब-स्पोक ते एकदा बघून घ्या. अलाऊएएस-इन असूनही अंबडला फक्त भोसरीचे रूट दिसत असतील आणि शिरोलीचे नसतील, तर शंका इथे घ्या. आणि व्हीपीएन म्हटलं तरी एमपीएलएसमध्ये एन्क्रिप्शन नसतं, फक्त टेबलं वेगळी असतात. ऑडिटवाल्यांना हे आधीच सांगून ठेवा.

तपासताना दोन गोष्टींनी लोक हमखास फसतात. राउटरवरून नुसता पिंग मारला की तो डब्ल्यूएएनच्या /३०चा पत्ता सोर्स म्हणून वापरतो, आणि तो पत्ता समोरच्या साइटला माहीत असेलच असं नाही. सोर्स म्हणून लॅनचा इंटरफेस द्या. दुसरं, लहान पिंग जातो पण मोठी फाइल किंवा ईआरपीचा रिपोर्ट अर्ध्यात अडकतो: डीएफ बिट (पॅकेटचे तुकडे करू नका अशी खूण) लावून १५०० बाइटचं पॅकेट मारून बघा. विंडोजवर तेच १४७२ लिहावं लागतं, कारण २८ बाइट हेडरचे. एमपीएलएसची प्रत्येक लेबल चार बाइटची, आणि व्हीपीएनला सहसा दोन लागतात. प्रोव्हायडरच्या गाभ्यात ही जागा सहसा धरलेली असते, लास्ट माइल भाड्याने घेतलेल्या दुसऱ्याच कंपनीच्या स्विचवर मात्र नसू शकते. तिकिटात ‘लिंक स्लो’ असं लिहू नका. किती बाइटचं पॅकेट जातं आणि कितीचं अडतं ते आकड्यात लिहा. असं तिकीट पहिल्या लेव्हलवर लोळत पडत नाही.

सगळं झाल्यावर रविवारी रात्री चाचणी घ्या. राउटरचा इंटरफेस शट करून नव्हे. त्याने सेशन लगेच पडतं आणि सगळं छान दिसतं. मीडिया कन्व्हर्टरच्या पलीकडची, प्रोव्हायडरकडून येणारी फायबर काढा, म्हणजे पोर्ट अप राहील. मग युजरच्या पीसीवरून भोसरीच्या सर्व्हरला सतत पिंग लावून किती पॅकेट गळतात ते मोजा. फायबर परत लावल्यावर तेवढ्यावर थांबू नका: पंधरा मिनिटांनी त्याच पीसीवरून आणि भोसरीच्या सर्व्हरवरून उलट दिशेनेही ट्रेसराउट घ्या, आणि दोन्हीत टनेलचा पत्ता दिसत नाही याची खात्री करूनच चेंज बंद करा.